सुक्या बांधातली सीतेची आसवं

"बाई, ही दोन्ही एकच कशी?"

सातवीतल्या एका मुलीने निसर्गवही माझ्यापुढे धरली होती. २०१७ सालचा सप्टेंबर. मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या अलीकडे एका आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवत होते. पावसाळ्यात मुलांना घेऊन माळावर जायचं, फुलं बघायची, एकेक फूल जुन्या वर्तमानपत्रात दाबून वहीत चिकटवायचं, असा आमचा उपक्रम चालायचा. त्या वहीत चार पानांवर चार जांभळी फुलं होती आणि चारींच्या खाली मीच सांगितलेलं एक नाव होतं : सीतेची आसवं.

तिने पहिल्या दोन पानांवर बोट ठेवलं. "हिची दांडी गवताला गुंडाळलीय. हिची सरळ उभी आहे. मग एकच कशी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वनस्पतिशास्त्रात पदवी घेतलेली असूनही जांभळं, इवलं, ओल्या जागी उगवलेलं जे जे दिसेल त्याला मी एकच नाव देऊन मोकळी होत होते. त्या दिवशी मी मुलीला म्हटलं, "आपण दोघी मिळून शोधू." तो शोध मी आजतागायत करते आहे. तिच्या प्रश्नाने मला काय काय दाखवलं, ते इथे लिहिते आहे.

जव्हार-मोखाडा म्हटलं की लोकांना उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर आठवतात. ते खरंच आहे. पण जून ते सप्टेंबर हा मुलूख पाण्याखालीच असतो म्हणा ना. डोंगरउतारावर नागली आणि वरई, खोलगट जागी भात, आणि मधेमधे काळ्या कातळाचे उघडे माळ. कातळावर मातीचा थर कुठे वीतभर, कुठे बोटभर. एवढ्या पावसात त्या थरातलं सत्त्व धुऊन जातं. नत्र तर उरतच नाही. झाडाला पाणी हवं तेवढं आणि जेवण मात्र नाही, अशी ही जागा. काही वनस्पतींनी इथे मुळांचा भरवसा सोडला आणि लहान जीव पकडून त्यांच्या अंगातून नत्र मिळवायची सोय केली. सीतेची आसवं त्यांच्यातलीच. रावण सीतेला घेऊन गेला तेव्हा तिचे अश्रू जिथे पडले तिथे ही फुलं उगवली, असं लोक सांगतात. शास्त्रीय नाव युट्रिक्युलॅरिया. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटी पिशवी असलेली. ती पिशवी कुठे असते हे मला पुस्तकातून माहीत होतं, डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती.

पुढच्या रविवारी त्या मुलीच्या आजीच्या भाताच्या बांधावर गेलो. मी दहापट मोठं दाखवणारं भिंग नेलं होतं. दोघी बांधाच्या कडेला उकिडव्या बसलो. गवताच्या काडीला वेढे घालत एक बारीक दांडी वर चढली होती आणि टोकाला निळसर जांभळी फुलं. भिंगातून खालच्या ओठाचा फुगवटा पाहिला. पांढुरक्या फुगवट्यावर जांभळ्या शिरांचं जाळं, कोणी सुईने विणावं तसं. या जाळीवरूनच तिला युट्रिक्युलॅरिया रेटिक्युलाटा हे नाव मिळालं आहे. तिथून वर माळावर गेलो. तिथली फुलं आखूड, ताठ दांडीवर, कोणाचाही आधार न घेता, घोळक्याने उभी होती. ती युट्रिक्युलॅरिया परप्युरासेन्स. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी १८३९ मध्ये छापणाऱ्या जॉन ग्रॅहम यांनी तिला हे नाव दिलं. साताऱ्याच्या कास पठारावर जांभळा गालिचा पसरतो म्हणतात, त्यात हिचा मोठा वाटा असतो.

मुलीचं म्हणणं बरोबर होतं. दोन फुलं, दोन जाती.

तिसरी आम्हाला दाभोसा धबधब्याच्या वाटेवर सापडली. जमिनीवर नाही, पाझरत्या खडकाच्या उभ्या भिंतीवर, शेवाळात. फूल पांढरट गुलाबी, मध्ये पिवळा ठिपका, खालचा ओठ पंख्यासारखा पसरलेला. ही युट्रिक्युलॅरिया स्ट्रायाट्यूला. फुलाखालच्या दोन हिरव्या दलांपैकी वरचं मोठं आणि खालचं अगदीच लहान, ही तिची खूण. चौथी तर जमिनीवरची नव्हतीच. एका तळ्यात हिरव्या धाग्यांचा गुंता तरंगत होता आणि पाण्याच्या वर पिवळी फुलं डोकावत होती. ती युट्रिक्युलॅरिया ऑरिआ. मग वहीतल्या चौथ्या पानावरचं जांभळं फूल कोणतं? नीट पाहिल्यावर तीही रेटिक्युलाटाच निघाली, फक्त सावलीत वाढलेली आणि फिकी. म्हणजे मी दोन वेगळ्या जातींना एक समजले होते, आणि मुलीने एकाच जातीला दोन पानं दिली होती. सारखी दिसणारी झाडं ओळखताना या दोन्ही चुका होतात.

तेव्हापासून आम्ही वहीत रंगाचा रकाना शेवटी टाकला. आधी लिहायचं झाड कुठे उभं आहे : बांधावर, कातळावर, भिंतीवर की पाण्यात. मग दांडी कशी आहे. मग खालचा ओठ, मग फुलामागची शेपटी, मग फुलाखालची हिरवी दलं. रंग उन्हाने आणि वयाने बदलतो. बाकीच्या खुणा सहसा बदलत नाहीत. एम. के. जनार्थनम आणि ए. एन. हेन्री यांचं भारतातल्या युट्रिक्युलॅरियांवरचं पुस्तक १९९२ मध्ये आलं. पुण्यातल्या एका ओळखीच्या वनस्पतिअभ्यासक बाईंनी त्यातली काही पानं मला वाचायला दिली आणि सांगितलं, "आधी स्वतःच्या वहीत खुणा लिहा, मग पुस्तक उघडा. पुस्तक आधी उघडलंत तर डोळे पुस्तकातलंच बघतात." हे वाक्य मी दरवर्षी मुलांना सांगते.

पिशवी मात्र अजून पाहायची होती. तळ्यातल्या गुंत्याचा चार बोटांएवढा तुकडा पांढऱ्या ताटलीत, तळ्याच्याच पाण्यात ठेवला. धाग्यांना चिकटलेले मिरीपेक्षा लहान, चपटे फुगे साध्या डोळ्यांनी दिसले. काही पारदर्शक होते, काहींच्या आत काळं काहीतरी होतं. भिंग लावलं तर एका फुग्याच्या आत एक इवला जलजीव अजून हलत होता. फुग्याच्या तोंडाशी झडप असते, झडपेवर केस असतात. झाड फुग्यातलं पाणी बाहेर टाकून त्याला आतून पोचट करून ठेवतं. केसाला धक्का लागला की झडप आत उघडते, पाण्याबरोबर जीव ओढला जातो आणि झडप मिटते. जीव आत ओढला जातो तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात. वनस्पतींच्या जगात याहून वेगवान सापळा नाही. मुलं रांगेने येऊन ताटलीत बघत होती. एरवी दोन मिनिटं शांत न बसणारा एक मुलगा घंटा झाली तरी उठायला तयार नव्हता.

त्याच वर्षी दिवाळीत माझ्या भावाने पुण्याहून एक छोटी कुंडी आणली. पानांचा सपाट गुच्छ, पानं फिकी हिरवी आणि लोणी चोळल्यासारखी तुकतुकीत. त्यावर चार-पाच चिलटं चिकटलेली. हे पिंग्विक्युला. नावातच चरबीचा अर्थ आहे, आणि इंग्रजीतलं तिचं नाव लोण्यावरून पडलेलं. ही कुंडीतली जात मूळची मेक्सिकोतली. भारतात पिंग्विक्युला रानात उगवते ती फक्त हिमालयात, उंचावर, पिंग्विक्युला अल्पिना. आपल्या सह्याद्रीत ती नाही. पण आपल्या माळावरच्या सीतेच्या आसवांची ती सख्खी चुलत बहीण. दोघी एकाच कुळातल्या. फुलं शेजारी ठेवली की नातं दिसतं : दोघींच्या फुलामागे शेपटी आणि आत पुंकेसर दोनच. एक बहीण पानांवर चिकट रस आणून चिलटं धरते, दुसरी मातीखाली आणि पाण्यात पिशव्या लावून बसते.

कुंडीबरोबर एक चिठ्ठी होती. "रोज पाणी घालावे. महिन्यातून एकदा खत द्यावे." जातीचं नाव नव्हतं. मी चिठ्ठीप्रमाणे केलं. डिसेंबरात मोठी चिकट पानं जाऊन मधोमध छोट्या, जाड, दाटीवाटीच्या पानांचा गोळा तयार झाला. मला वाटलं झाड आजारी आहे, म्हणून मी पाणी वाढवलं. संक्रांतीपर्यंत बुंधा काळा पडून कुजला.

ते झाड आजारी नव्हतंच. मेक्सिकोतल्या बऱ्याच पिंग्विक्युलांची पानं वर्षातून दोन रूपं घेतात. पावसाच्या दिवसांत रुंद आणि चिकट, शिकार करणारी. कोरड्या थंडीत लहान, जाड, पाणी साठवणारी, शिकार न करणारी. त्या काळात तिला पाणी जवळजवळ नको असतं आणि खत तर कधीच नको. कुजक्या बुंध्यावरची तीन पानं अजून टणक होती. ती मुळाशी पांढरा भाग राहील अशी हलकेच ओढून काढली आणि ओलसर जाड वाळूवर उताणी ठेवली. पाच-सहा आठवड्यांनी दोन पानांच्या पांढऱ्या टोकाला मोहरीएवढी हिरवी पानं फुटली. मूळ पानं सुकून गेली, पण त्यांनी दोन रोपं दिली.

मला तिचं नाव वहीत लिहायची घाई झाली होती. पुण्याच्या बाईंनी थांबवलं. नुसत्या पानांवरून मेक्सिकन पिंग्विक्युला ओळखणं अवघड. एहलर्सिए आणि एसेरियाना या दोन तर फार सारख्या. शिवाय रोपवाटिकांत संकर खूप झालेले. "फूल येईपर्यंत नाव लिहू नका." दीड वर्ष वाट पाहिली. फूल आलं ते रुंद गुलाबी-जांभळं, मागे लांब शेपटीचं. तेव्हा पेन्सिलीने लिहिलं : मोरानेन्सिस गटातली. पेनने लिहायचं धाडस आजही केलेलं नाही.

या झाडांना पाणी क्षार नसलेलं लागतं. इथल्या विहिरीच्या पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि झाड खंगतं. म्हणून मी पागोळीचं पाणी एका झाकणाच्या पिंपात साठवते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या मुलींच्या आया कळशी घेऊन विहिरीवर रांगेत उभ्या असतात. तेव्हा माझ्या कुंड्यांना विहिरीचा थेंब द्यायचा नाही, हा नियम मी पहिल्याच वर्षी केला. पावसाळ्यात साठवलेलं एक पिंप तीन कुंड्यांना वर्षभर पुरतं.

आता दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी झाडाविषयी. ऑक्टोबरात सूर्यमाळच्या बाजूला सकाळी नऊच्या उन्हात गेलात तर ओलसर उघड्या जागेवर गवतात लाल ठिणग्या दिसतात. जवळ गेल्यावर कळतं की त्या दवाच्या नाहीत. ऊन चढलं तरी त्या सुकत नाहीत. दोऱ्यासारख्या लांब पानांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला डिंकासारखा थेंब. हा गवती दवबिंदू, ड्रोसेरा इंडिका. याचा भाऊ ड्रोसेरा बर्मानी जमिनीला चिकटून असतो, पाचरीच्या आकाराच्या पानांचं नाण्याएवढं चक्र आणि मधून पांढऱ्या फुलांची दांडी. हे दोघे ओळखायला सोपे. एक उभा, एक बसलेला. मुलीची आजी म्हणाली होती, "त्या चिकट गवताला माशी लागते. ढोरं तोंड लावत नाहीत." तिने हे कोणत्याही पुस्तकाशिवाय पाहिलेलं होतं.

चार्ल्स डार्विनला १८६० साली इंग्लंडमधल्या ससेक्सच्या माळावर अशाच दवबिंदूवर माश्या चिकटलेल्या दिसल्या. मग त्याने पंधरा वर्षं प्रयोग केले आणि १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. पानावर त्याने मांस, अंड्याचा पांढरा भाग, काचेचे तुकडे, पाणी असं बरंच काही ठेवून पाहिलं. आम्हीही पाहिलं. दुपारच्या जेवणातल्या उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग टाचणीच्या डोक्याएवढा घेतला. गवती दवबिंदूच्या एका पानावर तो, दुसऱ्यावर वाळूचा कण, तिसऱ्यावर पावसाच्या पाण्याचा थेंब ठेवला. सहा मुलं आळीपाळीने भिंग घेऊन बसली. पाण्याच्या थेंबाने काहीच झालं नाही. वाळूजवळचे एक-दोन केस जरा कलले आणि तसेच राहिले. अंड्याच्या कणाभोवतीचे केस मात्र एकेक करून आत झुकत गेले. संध्याकाळी शाळेत परतायच्या वेळी तो कण केसांच्या मुठीत गेला होता. एक मुलगा म्हणाला, "बाई, पावसात हे रोज मिटलं असतं तर उपाशीच मेलं असतं." डार्विनलाही तेच उमगलं होतं. झाड पावसाच्या थेंबासाठी आपली शक्ती खर्च करत नाही.

गवती दवबिंदू एका वर्षाचा. बी पडलं की झाड संपतं. नोव्हेंबरअखेर बोंडं फुटायच्या बेताला आम्ही कागदाची पुडी धरून बी झाडून घेतलं. काळ्या धुळीसारखं. जूनमध्ये मुरमाची बारीक चाळ आणि वाळू मिसळून, खत न घालता, उघड्यावर पावसात कुंडी ठेवली. बी वर नुसतं भुरभुरलं, मातीने झाकलं नाही. जुलैअखेर केसाएवढी रोपं आली आणि सप्टेंबरात थेंब चमकले. पिंग्विक्युला कुजवणाऱ्या माझ्या हातांनी हे वाढलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

सीतेची आसवं मात्र जमेनात. पहिल्या वर्षी माळावरून फुललेलं झाड उपटून पिशवीत आणलं. घरी पोचेपर्यंत मेलं. त्याला खरी मुळं नसतातच. मातीतले ते तंतू आणि पिशव्या तुटल्या की झाड संपलं. दुसऱ्या वर्षी मातीच्या ढेकळासकट आणलं. चार दिवसांत फुलं गळली, आठव्या दिवशी सगळं काळं. माझ्या हौसेपायी दोन वर्षांत पंधरा-वीस झाडं मी मारली. हे लिहिताना वाईट वाटतं, पण लिहायला हवं, कारण फुलं पाहायला येणारी कितीतरी माणसं अशीच उपटून नेतात आणि घरी ती जगतील असं समजतात. जगत नाहीत.

मग २०१९ च्या मे महिन्यात आजीच्या शेतावर गेले होते. राब भाजून झाला होता. बांध भेगाळलेला, त्यावर हिरवं पातंही नव्हतं. रेटिक्युलाटा जिथे फुलते ती जागा मला पाठ होती. तिथली दोन घमेली सुकी माती आजीला विचारून घेतली. आजी हसली. "यात काय हाय, बाई?" मलाही ठाऊक नव्हतं. एका घमेल्यात नुसती माती ठेवली, दुसऱ्यात तीच माती आणि मूठभर शेणखत. पावसाला सुरुवात झाल्यावर दोन्ही उघड्यावर ठेवली, पाणी दोन बोटं साचत राहील अशी.

जुलैत दोन्हींत गवत आलं. शेणखताचं गवत गुडघ्याएवढं माजलं आणि त्याखाली दुसरं काही उगवलंच नाही. नुसत्या मातीच्या घमेल्यातलं गवत खुरटं राहिलं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एका काडीला बारीक तपकिरी दांडी गुंडाळलेली दिसली. मग दुसरी, तिसरी. गणपती बसले तेव्हा सात दांड्यांवर फुलं होती, फुगवट्यावर तेच जांभळं जाळं. बी त्या भेगाळलेल्या मातीत आधीपासून होतं. मी काहीच पेरलं नव्हतं. फक्त पाणी येऊ दिलं आणि खत घातलं नाही.

हे घमेलं मी अजून ठेवलं आहे. ती मुलगी आता नाशिकला परिचारिकेचं शिक्षण घेते. सुट्टीत आली की आधी घमेल्यात वाकून बघते.

त्या घमेल्याने मला आमच्या माळाकडे वेगळ्या नजरेने बघायला लावलं. आमच्या शाळेपासून जवळच कातळाचा एक तुकडा होता. सप्टेंबरात तिथे परप्युरासेन्स, गेंद, कवला आणि गवती दवबिंदू एकत्र फुलायचे. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात भरावासाठी तिथला मुरूम यंत्राने खरवडून नेला. तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही. मे महिन्यात तिथे काहीच दिसत नव्हतं, मग हरकत कशाची घ्यायची? पुढच्या पावसाळ्यात तिथे गढूळ पाण्याचं डबकं झालं. त्यानंतरच्याही. फुलं परत आलेली नाहीत. बोटभर जाडीचा तो थर आणि त्यात वर्षानुवर्षं पडलेलं बी, दोन्ही एकाच दिवसात गेलं. रस्ता हवाच. आमच्या पाड्यांवर रुग्णवाहिका पोचायला हवी. पण मुरूम कुठून काढायचा हे ठरवताना गावातल्या कोणी एवढं तरी सांगावं की सप्टेंबरात या जागी काय असतं. ग्रामसभेत हे सांगायचं काम आता मी करते आणि आमची मुलं वही घेऊन सोबत येतात.

वाचकांनो, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर अर्ध्यावर येईपर्यंत जव्हार, मोखाडा, खोडाळा या बाजूला या. सोबत एक भिंग आणि एक वही आणा. बांधावर पाय देऊ नका, कडेला बसा. फूल तोडू नका, झाड उपटू नका. कीटकभक्षी झाड वाढवायची हौस असेल तर रोपवाटिकेतली पिंग्विक्युला घ्या. तिला पावसाचं पाणी द्या, खत देऊ नका आणि थंडीत तिला कोरडी राहू द्या. आणि तुमच्या गावाजवळ असा एखादा माळ असेल, तर उन्हाळ्यात तो उजाड दिसतो म्हणून त्याला रिकामी जागा समजू नका. पुढच्या पावसाळ्याची फुलं तेव्हाही त्याच मातीत असतात.